आधी आढावा, मग शीर्षक

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे कुलगुरू, संशोधन मान्यता समित्यांचे सदस्य आणि संशोधन मार्गदर्शक यांस,



मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. प्रबंध सादर होण्यापूर्वी साम्य-तपासणीसाठी आमच्याकडे येतो, त्यामुळे आपण ज्यावर पुढे सह्या करता त्यातले बरेचसे प्रबंध आधी माझ्या नजरेखालून गेलेले असतात. मी पहिल्यांदा प्रकरण दुसरे उघडते, 'संबंधित साहित्याचा आढावा'. संशोधकाने काय वाचले आणि वाचून त्याला काय प्रश्न पडला, हे तिथेच कळायला हवे. ते तिथे कळत नाही, आणि त्याचे कारण बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

हे प्रकरण कसे असते ते आपल्याला ठाऊक आहे. संशोधकाचे नाव, वर्ष, शीर्षक, उद्दिष्टे, नमुना, निष्कर्ष. मग पुढचे नाव. भारतातील संशोधने संपली की परदेशातील संशोधने. अशा चाळीस-पन्नास नोंदींनंतर ते ठरलेले वाक्य येते: वरील आढाव्यावरून प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झालेले नाही असे दिसून येते. त्या चाळीस-पन्नास जणांचे कुठे एकमत झाले, कुठे बिनसले, कोणाची पद्धत भक्कम आणि कोणाची लंगडी, यावर एक ओळ नसते. शिक्षणशास्त्रात तर म. ब. बुच यांनी बडोद्याहून १९७४ साली सुरू केलेल्या सर्वेक्षणग्रंथांमधले सारांश वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले गेले. बुच यांनी ते काम केले होते ते वाचकाला मूळ प्रबंधापर्यंत पोचवण्यासाठी. पुष्कळांनी सारांशाशीच मुक्काम केला.

याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. त्यांच्यापुढे आपण कामाचा क्रमच उलटा ठेवला आहे. पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा 'पेट' उत्तीर्ण झालेल्या मुलीला मुलाखतीतच विषय विचारला जातो. काही आठवड्यांत संशोधन मान्यता समितीसमोर (आरआरसी) शीर्षक, उद्दिष्टे आणि गृहीतके मांडायची असतात. शीर्षक एकदा मंजूर झाले की त्यातला एक शब्द बदलायलाही अर्ज करावा लागतो, मार्गदर्शकांची शिफारस लागते, पुन्हा समिती बसावी लागते. नोंदणी झाल्याशिवाय बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारी संस्थांची अधिछात्रवृत्ती नाही, आणि ज्या घरातून ही मुले येतात तिथे त्या पैशांवाचून पुढचे पाऊल पडत नाही. तेव्हा ती घाईने शीर्षक ठरवतात आणि वाचन मागे ढकलतात. मग आढाव्याला करण्यासारखे काही उरतच नाही. प्रश्न ठरलेला, उद्दिष्टे ठरलेली. आधी हे काम कोणी केलेले नाही, एवढाच दाखला आढाव्याकडून हवा असतो.

नियम आपल्याला अडवत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत कोर्सवर्कच्या संशोधनपद्धतीच्या भागात, आपल्या क्षेत्रात प्रकाशित झालेल्या संशोधनाचा आढावा हा विषय नावानिशी होता. २०२२ च्या विनियमांनी कोर्सवर्कला किमान १२ श्रेयांक दिले, विषय निश्चित करण्याचे काम संशोधन सल्लागार समितीकडे सोपवले आणि विद्यार्थ्याने दर सत्राला त्या समितीसमोर यावे असे सांगितले. म्हणजे वाचायला वेळ आहे आणि तो वेळ कसा गेला हे विचारण्याचा अधिकारही आहे. पहिले सत्र संपल्यावर 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारण्याऐवजी 'काय वाचले आणि त्यामुळे प्रश्न कसा बदलला' एवढे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

आधीचे न वाचण्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधी एक प्रयोग चालू होता. निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे देण्यात येत होते. त्यातली चोवीस वर्षांची एक तरुणी फुप्फुसे निकामी होऊन जूनमध्ये मरण पावली. प्रयोगापूर्वी पूर्वसाहित्याचा शोध घेतलेला होता, पण मुख्यतः पबमेड या वैद्यकीय संदर्भसाठ्यावर. आणि पबमेड तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होते. हेक्सामेथोनियम हे १९५० च्या दशकातले रक्तदाबाचे औषध. फुप्फुसांवर होणाऱ्या त्याच्या दुष्परिणामांची नोंद त्याच दशकातल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापलेली होती आणि ग्रंथालयाच्या मांडणीवरच्या जुन्या छापील सूचींतून ती सापडण्याजोगी होती. त्या जुलैमध्ये अमेरिकी सरकारने त्या विद्यापीठातले सरकारी पैशांवर चालणारे मानवी प्रयोग काही काळ थांबवले. ग्रंथालयात काम करणाऱ्या कोणालाही ही घटना विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला पाश्चात्त्य देशांतली बालसंगोपनाची पुस्तके १९८० च्या दशकापर्यंत देत होती. २००५ साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी त्या विषयावरचे सगळे जुने अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा दिसले की १९७० पर्यंत जे छापून आले होते तेवढेच कोणी नीट जुळवून वाचले असते, तरी पालथ्या झोपेचा धोका स्पष्ट झाला असता. त्यांच्या अंदाजाने ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बालमृत्यू टळू शकले असते. त्यासाठी नवा प्रयोग नको होता. झालेले काम एका टेबलावर आणून वाचायचे होते.

वाणिज्याच्या किंवा मराठीच्या प्रबंधाने कोणाचा जीव जात नाही, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण एका मुलीच्या उमेदीची तीन ते सहा वर्षे जातात, आणि कधी कधी तिच्या जन्माआधीच मिळालेल्या उत्तराचा शोध घेण्यात जातात.

आढावा कसा व्हायला हवा ते एका विषयावर सविस्तर सांगते, कारण नुसत्या तक्रारीने कोणाचे काम सोपे होत नाही. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला मराठवाड्यातला दुष्काळ आणि रोजगार हमी योजना यांवर काम करायचे आहे. तो गूगल स्कॉलरवर 'दुष्काळ' आणि 'मराठवाडा' घालतो, गेल्या दहा वर्षांतले लेख मिळतात, त्यावर त्याचे प्रकरण उभे राहते. आता काय सुटले ते पाहू. महाराष्ट्राने १९६३ साली खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला. त्यानंतरचे सरकारी कागद 'टंचाई' किंवा 'स्केअर्सिटी' या नावाखाली शोधावे लागतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून त्याआधीचे अहवाल मुंबईच्या दप्तरात शोधून हाती लागणार नाहीत. ते हैदराबादकडे, इंग्रजीत आणि उर्दूत आहेत. हाच विषय विदर्भाचा असता तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची कागदपत्रे पाहावी लागली असती. जिल्ह्यांची नावे बदलली: औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. शोधताना जुने नाव, नवे नाव आणि इंग्रजांची वर्णजोडणी, तिन्ही द्यावी लागतात. असा शब्दसंग्रह करायला दोन दिवस बसावे लागते. कोर्सवर्कमध्ये हे दोन दिवस कोणी दिल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

शब्द हातात आले की एखादा पक्का संदर्भ धरून दोन्ही दिशांनी जाता येते. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांचे भारतातील दुष्काळ-निवारणावरचे १९९० चे लेखन घ्या. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते हे त्यातून कळते. त्याच्या संदर्भसूचीतून मागे गेलो की व्ही. सुब्रमण्यम् यांचे १९७०-७३ च्या अवर्षणावरचे १९७५ साली निघालेले पुस्तक मिळते, सरकारी अहवाल मिळतात. गूगल स्कॉलरवरच्या 'साईटेड बाय'वर टिचकी मारली की द्रेझ यांना नंतर कोणी वापरले आणि कोणी खोडून काढले ते दिसते. मराठीसाठी 'समाज प्रबोधन पत्रिका' आणि वाईचे 'नवभारत' यांचे जुने अंक चाळावे लागतात, आणि ते हातानेच चाळावे लागतात. नव्या शोधातही तीच ती नावे येऊ लागली की थांबावे; त्याआधी थांबू नये.

खरे काम त्यापुढे सुरू होते. सध्याच्या साच्यात हा विद्यार्थी असे लिहील: हेरिंग व एडवर्ड्स यांनी १९८३ साली रोजगार हमीचा अभ्यास केला, त्यांचा निष्कर्ष अमुक, द्रेझ यांनी १९९० साली दुष्काळाचा अभ्यास केला, त्यांचा निष्कर्ष तमुक, रॅव्हॅलियन, दत्त व चौधुरी यांनी १९९३ साली मजुरीवाढीचा अभ्यास केला. तीन परिच्छेद, तिघांची एकमेकांशी ओळख नाही. आता तिघांना समोरासमोर बसवून पाहा. द्रेझ सांगतात की सार्वजनिक कामांमुळे भीषण अवर्षणातही लोक तगले. हेरिंग आणि एडवर्ड्स विचारतात की या कामांतून जे बंधारे, रस्ते झाले त्यांचा लाभ शेवटी कोणाला झाला, आणि ते जमीनदार शेतकऱ्यांकडे बोट दाखवतात. रॅव्हॅलियन आणि सहकारी दाखवतात की १९८८ साली योजनेची मजुरी एकदम वाढल्यावर कामे मागणीप्रमाणे पुरेनाशी झाली, म्हणजे हमीच पातळ झाली. वरवर ही तीन भांडणारी मते वाटतात. पण पहिले संकटाच्या वर्षांविषयी बोलत आहे, दुसरे मालमत्तेविषयी, तिसरे रोजगार हमीचा कायदा झाल्यानंतरच्या नेहमीच्या वर्षांतल्या मजुरीविषयी. मग प्रश्न आपोआप वर येतो: पुढच्या मोठ्या टंचाईच्या वर्षी, मजुरी वाढलेली असताना, मराठवाड्यातल्या भूमिहीनाला मागितल्यावर काम मिळाले का? हा प्रश्न त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा आहे आणि तो फक्त आढाव्यातून सुचू शकतो. नोंदणीच्या आधी लिहून दिलेल्या 'रोजगार हमी योजनेचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ: मराठवाडा' या शीर्षकात तो नव्हता.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. पां. वा. काणे यांनी 'व्यवहारमयूख' या धर्मशास्त्रग्रंथाचे संपादन करताना प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या वाङ्‌मयाचा इतिहास लिहायला घेतला. ती प्रस्तावना वाढत जाऊन 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा पाच खंडांचा ग्रंथ झाला. १९३० साली निघालेला त्याचा पहिला खंड कोणी काय लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणाच्या आधारे लिहिले हे निश्चित करण्यात खर्च झाला आहे. आचार, व्यवहार यांविषयी बोलण्याआधी काण्यांना एवढे करणे आवश्यक वाटले. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तीही पुढच्या माणसाने अंधारात चाचपडू नये म्हणून. मराठीत संदर्भ मिळत नाहीत असे एखादा मार्गदर्शक म्हणतो तेव्हा मी दात्यांचे खंड त्यांच्यापुढे ठेवते.

आता साम्य-तपासणीविषयी. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी १० टक्के, ४० टक्के, ६० टक्के अशा पायऱ्या ठरवल्या. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात विद्यापीठांत एकच प्रश्न उरला आहे: टक्का किती आला? टक्का खाली आणायला विद्यार्थी आढाव्यातली वाक्ये मोडतोड करून लिहितात. 'निष्कर्ष' या शब्दाऐवजी 'अनुमान', 'वाढ' या शब्दाऐवजी 'वृद्धी'. कधी कधी अर्थच उलटतो. विद्यापीठांच्या बाहेरच्या टायपिंगच्या दुकानांत टक्का कमी करून देण्याचा दर ठरलेला असतो, हे आपल्यालाही माहीत असावे. शब्द जुळतात का एवढेच यंत्र सांगते. विद्यार्थ्याने मूळ लेख वाचला आहे का हे सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस आपण आहात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती लेखकाचे नाव, नियतकालिक, खंड, पृष्ठ असे सगळे व्यवस्थित लिहून देतात आणि तो लेख अस्तित्वातच नसतो. मी असे संदर्भ शोधायला बसते, नियतकालिक खरे असते, त्या पानावर वेगळाच लेख असतो. अशा वेळी तपासणीचा अहवाल मात्र निर्दोष येतो.

एक तांत्रिक गोष्ट आहे, छोटी, पण तिचे परिणाम वर्षानुवर्षे टिकणारे आहेत. २००९ च्या विनियमांपासून प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर ठेवायचा असतो. मराठीतले कितीतरी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसते, यंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. शोधपेटीत 'टंचाई' लिहिले तर ते प्रबंध वर येत नाहीत, आणि पुढचा विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहून जातो की या विषयावर मराठीत संशोधन झालेले नाही. साम्य-तपासणीतही ते निसटतात. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारला जाईल असे एक परिपत्रक काढायला किती वेळ लागेल?

पैशांचे आणि उपलब्धतेचे कारणही आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. नियतकालिके दारात आली आहेत, ती वापरायला शिकवणारा तास मात्र वेळापत्रकात नाही. झोटेरोसारखे फुकट साधन एका दुपारी शिकवता येते आणि विद्यार्थ्याचे संदर्भसूचीचे महिने वाचतात. कोर्सवर्कमध्ये ग्रंथपालांना दहा तास द्या. उद्‌घाटनाच्या दिवशी ग्रंथालयाची फेरी काढण्याचे हे तास नव्हेत; प्रत्येक विद्यार्थ्याच्या विषयावर बसून त्याच्यासोबत शोध घेण्याचे हे तास आहेत.

आरआरसीच्या सदस्यांना माझी मुख्य विनंती ही की नोंदणीच्या वेळी शीर्षक मागू नका. क्षेत्र विचारा, मार्गदर्शक ठरवा, अधिछात्रवृत्तीसाठी लागणारी नोंदणी क्षेत्राच्या नावावर करून द्या. त्यासाठी संबंधित संस्थांशी बोलावे लागेल; ते बोलणे कुलगुरूंनी करायचे आहे, विद्यार्थ्याने नव्हे. शीर्षक पहिल्या सत्राच्या शेवटी, लिहिलेल्या आढाव्यासह घ्या. त्या आढाव्याला शोधाचा एक पानी तपशील जोडायला सांगा: कुठे शोधले, कोणत्या तारखेला, कोणते शब्द वापरून, किती मिळाले, किती वाचले, काय वगळले आणि का. वैद्यकातल्या आढाव्यांसाठी अशी शिस्त 'प्रिझ्मा' नावाच्या २७ मुद्द्यांच्या यादीने केव्हाच घालून दिली आहे. आपल्याला २७ मुद्दे नकोत. मानव्यविद्येत तेवढे लागतही नाहीत. पण एक पान हवे. 'संशोधन झालेले नाही' हे वाक्य ज्याला लिहायचे असेल, त्याने आधी ते पान दाखवावे.

मार्गदर्शकांना एवढेच सांगते की विद्यार्थी आढावा घेऊन आला की नोंदी मोजू नका. कोणतेही दोन संदर्भ निवडा, मूळ लेख उघडून समोर ठेवायला सांगा आणि विचारा की या दोघांचे कशावर पटत नाही. पाच मिनिटांत सगळे समजते. आपल्याकडे आठ विद्यार्थी असले तरी वर्षातून हे दोनदा करणे अशक्य नाही. आणि बहिःस्थ परीक्षकांच्या अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: 'आढाव्यातून संशोधनप्रश्न निघतो का?' या रकान्यात 'नाही' असे लिहून आले, तर प्रबंध दुरुस्तीला परत जावा.

पुढच्या सत्राच्या आरआरसीच्या बैठका लवकरच लागतील. नोंदणी आणि शीर्षक वेगळे करण्याचा ठराव त्या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. शोधाच्या तपशिलाचा एक पानी नमुना आमच्या ग्रंथालयाने तयार करून ठेवला आहे. जे विद्यापीठ मागेल त्याला तो पाठवू आणि तो कसा भरायचा हे शिकवायला आम्ही स्वतः येऊ.

आपली,
एक विद्यापीठीय ग्रंथपाल